आजींचा काळा काढा

पत्र असं आहे:

डॉक्टरताई,

मी मूळची सांगलीची, अकरा वर्षं सिंगापूरला आहे. वय ४३. वर्षभरापासून पाळी आठ-आठ दिवस चालते. पहिले तीन दिवस घराबाहेर पडायची भीती वाटते. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ८.९ आलं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण पोट इतकं बिघडलं की तीन आठवड्यांत सोडल्या. आमच्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात, मला लेकीसारखं करतात. त्या म्हणाल्या, ‘तुझं रक्त कमी आहे, चेहरा बघ कसा झालाय.’ गेले चार महिने पाळी संपली की पाच दिवस त्या एक काळा काढा करून देतात. शिवाय ‘बाक फूंग’ नावाच्या बारीक काळ्या गोळ्या. खरं सांगते, बरं वाटतं. हातपाय गार पडायचे, ते थांबलं. मात्र गेल्या दोन पाळ्या आणखीच जास्त गेल्या. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीचं पाळीत पोट दुखतं म्हणून आजींनी तिलाही काढा सुरू केलाय. आणि दिवाळीत सांगलीला जाताना सासूबाईंसाठी याच काढ्याची पाकिटं न्यायची आहेत, बॅगेत भरूनही झाली. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, सारख्या थकलेल्या असतात. नवरा म्हणतो, ‘ही चिनी भानगड बंद कर.’ पण आजींचं मन मोडवत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, हेही सांगून ठेवते. काय करू?

— एक वाचक, सिंगापूर

प्रिय मैत्रिणी,

सासूबाईंची पाकिटं आधी बॅगेतून बाहेर काढा. बाकीचं सावकाश बोलू.

झडप बदललेल्या माणसाला, ती धातूची असेल तर, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन किंवा त्याच जातीची ॲसेनोकुमारॉल ही गोळी जन्मभर चालते. ‘आयएनआर’, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासून तिचा डोस ठरतो, तोही पाव गोळी वाढव, अर्धी कमी कर असा. आजींच्या काढ्यातला मुख्य घटक बहुधा दांगग्वे नावाचं मूळ आहे. दुकानाच्या पाटीवर ‘डोंगक्वाय’ असेल, तो त्याचाच कँटनी उच्चार. १९९९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ४६ वर्षांच्या एका बाईची हकिकत छापून आली होती. वॉर्फरिनवर तिचं छान बसलेलं होतं. तिने त्याच्या जोडीला दांगग्वे सुरू केलं आणि चार आठवड्यांत आयएनआर दुपटीहून वर गेला. दांगग्वे बंद केल्यावर महिन्याभरात आकडा जागेवर आला. अमेरिकन जिनसेंग या टॉनिकातल्या दुसऱ्या मुळाचं नेमकं उलट, त्याने वॉर्फरिनचा जोर कमी पडतो. एकाने रक्तस्रावाची भीती, दुसऱ्याने झडपेवर गुठळी धरण्याची. आणि टॉनिकाच्या एकाच पाकिटात दोन्ही तऱ्हेचे पदार्थ असू शकतात. सासूबाई कायम थकलेल्या असतात याचं कारण त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी शोधायचं आहे. तुम्ही त्यांच्यासाठी मऊ तळव्याच्या चपला न्या.

आता काढा. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण पाळी संपल्यावर पाच दिवस घ्यायचा काळा काढा म्हणजे तो बहुधा ‘स-वू-तांग’ असणार, चार पदार्थांचा काढा. दांगग्वे, छुआनश्योंग, पांढऱ्या पिओनीचं मूळ आणि शू-दी-ह्वांग. भाचीच्या बाळंतपणासाठी मी सिंगापूरला तीन महिने राहिले होते, तेव्हा चायनाटाउनमधल्या एका जुन्या ‘मेडिकल हॉल’मध्ये तासभर नुसती बघत उभी होते. भिंतभर लाकडी कप्पे, प्रत्येकावर दोन-तीन नावं. म्हातारा दुकानदार एका दांडीच्या छोट्या काट्यावर मुळांच्या चकत्या तोलत होता आणि कागदावर ढीग मांडत होता. मी फारच डोळे लावून बसलेय हे बघून त्याने दांगग्वेची एक चकती माझ्या नाकाशी धरली. हे झाड कोथिंबीर, ओवा, गाजर यांच्या कुळातलं, त्यामुळे वास पहिल्या दमात सेलरीचा, आणि मागून काहीतरी कडवट-गोड, जुन्या कपाटासारखं. शू-दी-ह्वांगचा तुकडा मात्र बोटाला चिकटला. ते मूळ मद्यात मुरवून वाफवतात, वाळवतात, पुन्हा वाफवतात. जुन्या रीतीप्रमाणे असं नऊ वेळा. होता होता ते जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखं काळं होतं. तुमच्या काढ्याचा रंग त्याचाच. पोट फुगत असेल किंवा सैल होत असेल तर तेही बहुधा त्याचंच काम.

हा काढा काही आजींच्या घरचा तोडगा नव्हे. सोंग राजवटीत, बाराव्या शतकात, चीनच्या सरकारी औषधालयाने औषधांच्या कृतींचा मोठा संग्रह काढला होता, त्यात तो बायकांच्या तक्रारींसाठी दिलेला आहे. तैवानमध्ये तर तो आज बाटलीबंद मिळतो, पाळी संपली की मुली दुकानातून घेऊन पितात. पण मला त्याची आणखी जुनी नोंद जास्त बोलकी वाटते. तांग काळातल्या एका पुस्तकात हाच काढा पडून मार लागलेल्या, हाड मोडलेल्या लोकांसाठी सांगितलाय. म्हणजे मुळात काम काय, तर साकळलेलं रक्त चालतं करणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजी म्हणतात, ‘तुझं रक्त कमी आहे.’ तुमचा रिपोर्टही म्हणतो, रक्त कमी आहे. वाक्य एकच आणि गफलत तिथेच झाली. आजी ज्याबद्दल बोलतात त्याला चिनी वैद्यकात ‘श्युए-श्यू’ म्हणतात. चेहरा निस्तेज, ओठ फिके, डोळ्यांपुढे अंधारी, झोप सावध, नखं ठिसूळ, आणि पाळी कमी, फिकी, उशिरा. हे सगळं जीभ बघून, नाडी बघून ठरतं. हिमोग्लोबिन १३ असलेल्या बाईलाही ‘श्युए-श्यू’ असू शकतं. त्या शास्त्रातलं ‘रक्त’ म्हणजे पोषण, ओलावा, झोप, मनाची स्वस्थता असं बरंच काही. आपल्या वात-पित्ताचा आकडा जसा लॅबच्या कागदावर सापडत नाही, तसंच ते. तुमच्या कागदावरचा ८.९ हा मात्र साधा हिशोब आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते. आणि तुमची पाळी कमी, फिकी नाही, धो धो जाते. आजींच्या यादीतली खूण तुम्हाला उलटी लागू होते!

हिशोबच करून बघा. निरोगी बाईच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर तिला आम्ही ‘जास्त’ म्हणतो, म्हणजे त्या हद्दीवरच ४० मिलिग्रॅम लोह गेलं. रोजच्या जेवणातून आतडं एक-दोन मिलिग्रॅम उचलतं, त्यातलंही रोजच्या झिजेला एक लागतं. आजी काढ्यात किंवा चहात सुरकुतलेली लाल फळं टाकत असतील, त्यांना तिकडे ‘रेड डेट’ म्हणतात म्हणून आपली मंडळी खजूर समजतात. तो खजूर नव्हे, आपल्या बोराचं सख्खं भावंड आहे, बोरन्हाणाला मुलांच्या डोक्यावरून ओततो त्या बोराचं. चवीला छान. पण १०० ग्रॅम सुक्या बोरांत लोह दोन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलं अंगी लागतं ते आणखी थोडं. (अळिवाच्या लाडवांबद्दलही मी हेच म्हणते आणि दर वेळी दोन-चार वाचक रागावतात.) नळ वाहता ठेवून वाटीने टाकी भरायची म्हटलं तर कशी भरेल?

आणि गंमत बघा, हे चिनी वैद्यकालाही मान्य आहे. दांगग्वे आणि त्याहून जास्त छुआनश्योंग ही त्यांच्या मते रक्त ‘चालवणारी’ औषधं. ज्या बाईचं रक्त आधीच थांबत नाही तिला ती तशीच देण्याआधी जाणता वैद्य दहादा विचार करेल. अठराशे वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग या वैद्याने अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांसाठी सांगितलेल्या काढ्यात हेच चार पदार्थ आहेत, पण जोडीला रक्त थांबवणारी दवण्याच्या जातीतली पानं आहेत आणि आणखी एक चिकट पदार्थ आहे, त्याच्याकडे मी येतेच. शिवाय त्यांच्यात एक म्हण चालते: दार लावून चोराला घरातच कोंडणं. आत दुखणं तसंच असताना वरून पुष्टीची औषधं चारली की असं होतं, असा तिचा अर्थ. सर्दी-ताप आला तरी टॉनिक बंद ठेव, हे आजींनीच तुम्हाला सांगितलं असेल. त्यामागे हीच म्हण आहे.

गेल्या दोन पाळ्या काढ्यानेच वाढल्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चाळिशीनंतर फायब्रॉइडची गाठ वाढली तरी हेच होतं, गर्भाशयाच्या अस्तरात गडबड असली तरी हेच. पण काढा चालू असेपर्यंत कोणाचा किती हात आहे ते कळायचं नाही. थांबवायला पैसे पडत नाहीत.

मग बरं का वाटतं? वाटतंच असेल, मला शंका नाही. गरम पेय, पाच दिवस कोणीतरी दार वाजवून तुमच्यासाठी भांडं घेऊन येतंय, ‘लेकी, पी’ म्हणतंय. परदेशात अकरा वर्षं काढलेल्या बाईला याची किंमत मी सांगायला नको. हात गरम राहण्यात त्या मुळांचाही वाटा असू शकेल. पण बरं वाटण्यानेच तपासणी लांबते. माझ्या घरचंच सांगते. मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले की सगळ्यांच्या नाड्या बघायची ऐट. आई दीड वर्ष तपकिरी बाटलीतलं लोहाचं टॉनिक घेत होती, देवघराशेजारच्या फळीवर बाटली आणि तिच्या मानेला रबरबँडने अडकवलेला चमचा. ‘हल्ली जरा बरं वाटतं,’ म्हणायची. मी खूश. पाळीचं एकदाही विचारलं नाही. शेवटी जिना चढताना बसली तेव्हा हिमोग्लोबिन सहा निघालं आणि गर्भाशय गाठींनी चार महिन्यांच्या पोटाएवढं झालेलं. त्या बाटलीत चिनी काहीच नव्हतं, एका ॲलोपॅथी डॉक्टरानेच लिहून दिलेली होती. भरत होतो सगळे, जातंय कुठे ते कोणी बघितलं नाही.

तेव्हा या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, किंवा पॉलिक्लिनिकला जा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. सगळ्यात आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा. ४३ व्या वर्षी काय, असं म्हणून हसू नका, मी ४६ व्या वर्षी पाहिलेली आहे. शिवाय दिवस गेलेले असताना दांगग्वे घ्यायचंच नसतं. मग रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, आणि सोनोग्राफी. अस्तर जाड दिसलं, किंवा तुमच्या वजन, मधुमेह वगैरे गोष्टींवरून डॉक्टरांना गरज वाटली, तर अस्तराचा बारीक तुकडा तपासायला घेतील. ओपीडीत होतं, दुखतं थोडं, पाच मिनिटं. तोवर एखाद्या पाळीत तासाला एक पॅड भिजतोय आणि असं दोन-तीन तास चाललंय, किंवा उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बसल्या जागी धडधडतंय, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला जायचं.

लोहाच्या गोळीचं पुन्हा जमवू. तुम्ही ती रोज घेत असणार, कदाचित दिवसातून दोनदा. एक गोळी घेतली की शरीर हेप्सिडिन नावाचं द्वारपाल-रसायन सोडतं आणि पुढचा दिवसभर आतड्याचं लोहासाठीचं दार निम्मं लावून घेतं. म्हणून एक दिवसाआड एकच गोळी घेतली तर घेतलेल्यातलं जास्त अंगी लागतं आणि पोटाचा त्रास कमी होतो, हे गेल्या काही वर्षांत चांगल्या अभ्यासांतून दिसलंय. लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा-कॉफी आधी नाही आणि नंतर तासभर नाही. डॉक्टरांना विचारून दुसऱ्या प्रकारची गोळी घेता येईल, आणि काहीच पचत नसेल तर शिरेतून लोह देतात. स्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत (कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर आधी सांगा), हार्मोन सोडणारी तांबी आहे. काय लागू पडेल ते सोनोग्राफी बघून ठरेल. पण रक्त थांबवणारी गोळी एका हाताने आणि रक्त चालवणारा काढा दुसऱ्या हाताने, असं करू नका.

आणि काढ्याचं डॉक्टरांना सांगा. बायका सांगत नाहीत, डॉक्टर हसतील म्हणून. सिंगापुरातला डॉक्टर हसणार नाही, त्याची आईसुद्धा हेच उकळत असेल.

आता बाक फूंग. या नावाचा अर्थ ‘पांढरा फिनिक्स’. हा फिनिक्स म्हणजे पांढऱ्या रेशमी पिसांची, पण कातडी-मांस-हाडं काळी असलेली कोंबडी. आपल्याकडे कडकनाथला काळा म्हणून भाव येतो ना, तसंच काहीसं, जात वेगळी. या गोळ्या सिंगापूर-मलेशियाकडे घरोघरी पोचवणाऱ्यांत यू यान सांग या कंपनीचं नाव मोठं. ते दुकान १८७९ साली मलायातल्या (आताच्या मलेशियातल्या) गोपेंग या कथिलाच्या खाणींच्या गावात निघालं होतं. तेव्हा शाकाहारी असाल तर या गोळ्यांचा प्रश्न औषधशास्त्राच्या आधीच मिटतो. आजींनी फसवलेलं नाही हो, त्यांच्या लेखी ते औषध, जेवण नव्हे. आणि मघाशी राहिलेला चिकट पदार्थ: ‘अ-च्याओ’, गाढवाचं कातडं शिजवून काढलेला सरस. शानतुंग प्रांतातल्या दोंग-अ गावाचा नावाजलेला. रक्तासाठीच्या कितीतरी टॉनिकांत तो असतो. त्याची मागणी इतकी वाढली की २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवं मारण्यावर बंदी घातली, कारण तिकडच्या खेड्यांत पाणी वाहायला जनावर उरेना. आपल्या देशातही २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या मध्ये गाढवं निम्म्याहून कमी झाली, पौष पौर्णिमेचा जेजुरीचा गाढवांचा बाजार पाहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. त्याला वाहनांपासून वीटभट्ट्यांपर्यंत कारणं बरीच आहेत, सगळं चीनच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तुमच्यापुरतं एवढंच की डबीच्या मागच्या यादीत काय लिहिलंय ते वाचायचं.

मुलीचं वेगळं आहे. तिचं दुखतं, जास्त जात नाही, असं मी तुमच्या पत्रावरून धरते. पाळीच्या दुखण्यावर चिनी औषधांच्या चाचण्या बऱ्याच झाल्यात. २००७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ३९ चाचण्या, साडेतीन हजारांच्या आसपास बायका एकत्र तपासल्या होत्या. निष्कर्ष आशादायक, पण चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा की त्यावर ठामपणे काही उभं करता येत नाही, हेही त्यांनीच लिहिलं. एकट्या दांगग्वेची नीट चाचणी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात झाली, तीही पाळी गेलेल्या ७१ बायकांवर, अंगातून येणाऱ्या गरम वाफांसाठी. २४ आठवड्यांनी खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक दिसला नाही. चिनी वैद्य म्हणाले, एकटं दांगग्वे आम्ही देतच नाही, मुद्दा चुकीचा तपासलात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मग ‘सगळ्या बायकांना स-वू-तांग’ हेही त्यांच्या शास्त्रात बसत नाही. थंडीने आखडणारं दुखणं वेगळं, चिडचिडीने ताणणारं वेगळं, औषध वेगळं.

मुलीला काढा नको. पोट दुखायला लागताक्षणी, कळवळायची वाट न बघता, खाऊन मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन, पहिले दोन दिवस नियमाने. दमा किंवा ॲसिडिटीचा जास्त त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरम पाण्याची पिशवी. आजींना तिच्यासाठी काही करायचंच असेल तर आलं आणि काळी साखर उकळून द्यायला सांगा, ते त्यांच्याकडेही याच दिवसांत देतात. महिन्यागणिक दुखणं वाढतंय, शाळा बुडतेय, गोळीनेही उतरत नाही, असं असेल तर मात्र तिलाही दाखवा. ‘सगळ्यांचंच दुखतं’ म्हणत एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) वर्षानुवर्षं तसाच राहिलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या.

तुमच्या यजमानांना एक सांगा. भानगड चिनी असण्यात नाही. त्यांच्या आईच्या फडताळात एखाद्या आयुर्वेदिक अरिष्टाची बाटली असेलच, वॉर्फरिनच्या बाबतीत तिचीही चौकशी तितकीच करायला हवी. चिनी काढ्यांत जागोजाग असणारं ‘गान-त्साओ’ म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाची बहीण. तेही रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, मग ते सांगलीच्या काष्ठौषधीवाल्याकडचं असो की चायनाटाउनमधलं.

खरी भीती मला वाटते ती नावांच्या गोंधळाची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायच्या एका क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींची भुकटी दिली जायची. त्यात हवं होतं ‘हान-फांग-ची’, आलं ‘ग्वांग-फांग-ची’. नावात एका अक्षराचा फरक, झाड निराळं, आणि त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे काहींना मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले. आपल्याकडची ईश्वरी, सापसण म्हणतात ती, त्याच कुळातली आहे. म्हणून सुटी भुकटी, लेबल नसलेल्या पुड्या, ऑनलाइन मागवलेली ‘सिक्रेट फॉर्म्युला’ची डबी यांतलं काही नको. सिंगापुरात या बाबतीत तुमचं नशीब बरं आहे. २००० सालच्या कायद्याने तिकडे चिनी वैद्यांची नोंदणी होते, नाव यादीत शोधता येतं. बंद पाकिटातल्या चिनी औषधांना शिसं, पारा, आर्सेनिक यांच्या मर्यादा पाळाव्या लागतात. पुढे कधी, हिमोग्लोबिन भरून निघाल्यावर आणि रक्त कुठे जातंय ते कळल्यावर, तुम्हाला हा मार्ग पुन्हा धरायचा असेल तर नोंदणी असलेल्या सिनसेहकडे, म्हणजे चिनी वैद्याकडे, जा, सोनोग्राफीचा कागद त्याच्यापुढे ठेवा आणि शाकाहारी आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. माझी ना नाही.

राहिल्या आजी. ‘डॉक्टरने मना केलं’ एवढंच सांगितलंत तर त्या दुखावतील आणि पुढच्या महिन्यात भांडं घेऊन पुन्हा दारात येतील. त्यांच्याच भाषेत सांगा: माझं रक्त जास्त चाललंय, चालवणारं औषध आता नको, आत चोर आहे का ते आधी बघतेय. त्यांना लगेच कळेल, मला वाटतं तुमच्यापेक्षा लवकर. जमलं तर तपासणीला त्यांनाच बरोबर न्या, तिकडे बाहेर बाकावर कोणीतरी आपलं बसलेलं असलं की बरं असतं. पाच दिवसांचं भांडं बंद करू नका, आतला पदार्थ बदला. लाल बोरं आणि आलं घातलेलं गरम पाणी चालेल, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. दिवाळीहून येताना त्यांच्यासाठी अळिवाचे लाडू आणा, शाकाहारी आहेत, आणि लोहाचा माझा हिशोब त्यांना सांगू नका.

रिपोर्ट आले की कळवा. आणि सध्या घरात असलेल्या डब्यांचे फोटो पाठवा, मागच्या बाजूचे. पुढच्या बाजूला नुसताच फिनिक्स असतो.